जळालेली वही आणि बारा वर्षे

सैतान मॉस्कोत उतरतो आणि साऱ्या शहराची झाडाझडती घेतो, अशी अद्भुत आणि काळोखी कादंबरी मिखाइल बुल्गाकोव्हने १९२८ ते १९४० या काळात लिहिली. छापून येण्याची आशा नव्हती, तरीही ती पुरी झाली. त्या लेखनाची आणि लेखकाची ही कहाणी.

१८ मार्च १९३०. मॉस्कोतील एका घरात अडतीस वर्षांचा एक लेखक घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीपुढे बसला होता. फ्रेंच नाटककार मोलिएरवर त्याने लिहिलेल्या नाटकाला परवानगी नाकारल्याचे त्याला नुकतेच कळले होते. आधीच्या वर्षी त्याची रंगभूमीवरची सगळी नाटके बंद झाली होती. पुस्तके छापली जात नव्हती, नोकरी नव्हती. दोन वर्षे मनात घोळत असलेल्या एका कादंबरीच्या वह्या त्याच्यापाशी होत्या. त्यातली पाने फाडून तो एकेक करून आगीत टाकत गेला. वह्यांच्या शिवणीकडचे काही तुकडे तेवढे मागे राहिले.

हा लेखक मिखाइल बुल्गाकोव्ह. जळालेली कादंबरी पुढे ‘मास्टर आणि मार्गारिटा’ या नावाने जगभर वाचली गेली.

भय आणि अद्भुत यांची गोडी आपल्या वाचकांना नवी नाही. नांदेड-लातूरच्या वाचनालयांतून नारायण धारपांच्या कादंबऱ्या घरी नेऊन रात्री जागवणारी एक पिढी आहे. जी. ए. कुलकर्णींच्या गूढ कथांनी अस्वस्थ झालेलीही आहे. मात्र बुल्गाकोव्हच्या सैतानाला पडका वाडा लागत नाही की अमावस्येची रात्र. तो भर राजधानीत, बागेतल्या बाकावर, संध्याकाळच्या उजेडात येऊन बसतो. त्याच्या चमत्कारांपेक्षा शहराचा रोजचा व्यवहार अधिक भयंकर आहे, हे वाचकाच्या हळूहळू लक्षात येते.

त्या भयाची कल्पना मराठवाड्याला थोडी अधिक यावी. ही कादंबरी लिहिली जात होती, त्या १९३०च्या दशकात नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. सभा भरवायची, वाचनालय काढायचे, वृत्तपत्र चालवायचे, तर सरकारची मर्जी सांभाळावी लागे. काय बोलावे आणि कोणासमोर बोलावे, याचा हिशेब मनात ठेवून जगणे म्हणजे काय, हे येथील जुन्या पिढीने अनुभवले आहे.

वैद्यकाकडून लेखनाकडे

बुल्गाकोव्हचा जन्म १५ मे १८९१ रोजी कीव्ह शहरात झाला. वडील धर्मशास्त्राच्या अकादमीत अध्यापक होते. सात भावंडांत मिखाइल थोरला. घरात संगीत, नाटक आणि पुस्तके यांची रेलचेल होती. १९०७ मध्ये वडील मूत्रपिंडाच्या विकाराने गेले आणि घराची घडी बदलली.

मिखाइलने वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ मध्ये तात्याना लाप्पा हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि १९१६ मध्ये तो डॉक्टर झाला. पहिली नेमणूक स्मोलेन्स्क प्रांतातील एका आडगावच्या रुग्णालयात झाली. आजूबाजूला बर्फ, दूरवर दुसरा डॉक्टर नाही आणि पदवी घेऊन अवघे काही महिने झालेले. अवघड बाळंतपणापासून अवयव कापण्यापर्यंत सारे त्यालाच पाहावे लागे. याच काळात त्याला मॉर्फिनचे व्यसन जडले. त्यातून त्याला बाहेर काढण्याचे श्रेय तात्यानाचे. मात्रा हळूहळू कमी करत तिने त्याला सोडवले. त्या गावचे अनुभव पुढे त्याच्या कथांत आले. रोग्याकडे पाहावे तसे निर्विकार आणि बारीक नजरेने माणसाकडे पाहण्याची सवय मात्र त्याच्या साऱ्या लेखनात टिकली.

क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात कीव्ह शहर अनेकदा हातोहात गेले. आज एक सैन्य, उद्या दुसरे. १९१९ मध्ये बोल्शेविकांच्या विरोधातील श्वेत सेनेत डॉक्टर म्हणून त्याची रवानगी कॉकेशसकडे झाली. १९२०च्या आरंभी तो टायफसने अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा श्वेत सेना माघारी गेली होती आणि सत्ता बोल्शेविकांची होती. श्वेत सेनेत डॉक्टर होतो, हे सांगणेही तेव्हा धोक्याचे होते. बुल्गाकोव्हने वैद्यकी सोडली ती कायमची, आणि लेखणी धरली.

बातमीदाराचे मॉस्को

१९२१च्या शरद ऋतूत तो मॉस्कोत आला तेव्हा खिशात पैसे नव्हते आणि राहायला जागा नव्हती. त्याला बोल्शाया सादोवाया रस्त्यावरील १० क्रमांकाच्या इमारतीत, पन्नास क्रमांकाच्या सदनिकेत एक खोली मिळाली. सदनिका सामाईक होती. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड आणि साऱ्यांचे स्वयंपाकघर एकच. भांडणे, दारू, चहाड्या आणि जागेसाठी चाललेली ओढाताण यांचा तेथे रोज नवा प्रयोग होई. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला ते चित्र ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की येथे शेजाऱ्याच्या खोलीवर डोळा ठेवणाऱ्याला एक निनावी तक्रार पुरत असे.

पोटासाठी तो वृत्तपत्रांत लिहू लागला. ‘गुदोक’ या रेल्वे कामगारांच्या दैनिकात त्याने अनेक तिरकस स्फुटे लिहिली. गावोगावच्या वार्ताहरांची पत्रे येत. गोदामातली अफरातफर, कार्यालयातला सावळागोंधळ, बैठकांचा सुकाळ आणि कामाचा दुष्काळ. त्यांतून हसू येईल असा मजकूर तयार करायचा, हे त्याचे काम. इल्फ, पेत्रोव्ह, ओलेशा, कातायेव्ह हे पुढे गाजलेले लेखकही त्याच दैनिकात होते. बुल्गाकोव्हला या कामाचा कंटाळा होता. रतीब घातल्यासारखा मजकूर पाडायचा आणि रात्री आपले खरे लेखन करायचे, असा त्याचा दिनक्रम होता.

पण हा रतीब वाया गेला नाही. ‘मास्टर आणि मार्गारिटा’मधील मॉस्को याच बातमीदारीतून आले आहे. जागेसाठी लाच घेणारा गृहसमितीचा अध्यक्ष, चांगले जेवण आणि सुट्टीतले बंगले यांतच रमलेली लेखकसंघटना, घरात दडवलेले परकीय चलन, एकेक करून नाहीसे होणारे भाडेकरू, यांतले काहीही कल्पित म्हणता येणार नाही. सैतानाने मुक्काम ठोकलेली सदनिकाही पन्नास क्रमांकाचीच आहे.

बंदीची वर्षे

१९२५ हे वर्ष आशेचे होते. यादवी युद्धातील कीव्हवरची ‘श्वेत रक्षक’ ही कादंबरी मासिकातून येऊ लागली. त्याच वर्षी त्याने ‘कुत्र्याचे हृदय’ ही लघुकादंबरी लिहिली. एक शल्यविशारद भटक्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून त्याला माणूस बनवतो आणि तो माणूस उद्दाम अधिकारी होऊन त्याच्याच जिवावर उठतो, असे तिचे कथानक. मे १९२६ मध्ये गुप्त पोलिसांनी घराची झडती घेऊन हे हस्तलिखित आणि त्याच्या रोजनिशीच्या वह्या नेल्या. त्याच्या मायदेशात ही लघुकादंबरी छापली गेली ती थेट १९८७ मध्ये.

ऑक्टोबर १९२६ मध्ये ‘श्वेत रक्षक’वरचे त्याचे नाटक मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आले आणि तुफान चालले. टीकाकार तुटून पडले. स्टालिनला मात्र ते नाटक आवडत असे, आणि त्याने ते अनेकदा पाहिले. तरीही १९२९ मध्ये त्याची सर्व नाटके थांबली. त्याआधीच, १९२८ मध्ये, सैतानावरच्या कादंबरीचा पहिला खर्डा सुरू झाला होता. त्यात मास्टर नव्हता, मार्गारिटाही नव्हती. मॉस्कोत आलेला सैतान आणि जेरुसलेममध्ये येशूचा न्याय करणारा रोमन अधिकारी पिलात, हे दोन धागे तेवढे होते. नावेही ‘काळा जादूगार’ यासारखी, बदलती.

वह्या जाळल्यावर दहा दिवसांनी, २८ मार्च १९३० रोजी, बुल्गाकोव्हने सोव्हिएत सरकारला दीर्घ पत्र लिहिले. आपण उपहासकार आहोत आणि आज्ञेवरून साम्यवादी नाटक लिहिणार नाही, असे त्यात त्याने स्पष्ट केले. सैतानावरच्या कादंबरीचा खर्डा आपल्याच हातांनी जाळल्याचेही लिहिले. मला देशाबाहेर जाऊ द्या, नाही तर रंगभूमीवर एखादे काम द्या, ही त्याची मागणी होती.

१४ एप्रिलला कवी मायकोव्हस्कीने आत्महत्या केली. चारच दिवसांनी बुल्गाकोव्हच्या घरी दूरध्वनी वाजला. पलीकडे स्वतः स्टालिन होता. खरोखरच परदेशी जायचे आहे का, असे त्याने विचारले. गोंधळलेल्या बुल्गाकोव्हने सांगितले, की मायदेशाबाहेर रशियन लेखक जगू शकेल असे त्याला वाटत नाही. आर्ट थिएटरमध्ये अर्ज करा, असे सुचवून स्टालिनने बोलणे आवरते घेतले. नोकरी मिळाली, जीव वाचला, १९३२ मध्ये बंद पडलेले एक नाटकही पुन्हा सुरू झाले. पण बाहेरचे दार कायमचे बंद झाले. त्या दिवशी दिलेले उत्तर पुढे त्याला सलत राहिले.

स्मरणातून पुन्हा

दरम्यान त्याच्या आयुष्यात येलेना शिलोव्हस्काया आली. दोघांची ओळख १९२९ मधली. ती लाल सेनेतील एका बड्या अधिकाऱ्याची पत्नी आणि दोन मुलांची आई होती. बुल्गाकोव्हचाही तोवर दुसरा विवाह झालेला होता. तिच्या पतीने भेटीगाठी बंद केल्या आणि दीडएक वर्ष दोघे एकमेकांपासून दूर राहिले. अखेर ऑक्टोबर १९३२ मध्ये त्यांचा विवाह झाला. धाकटा मुलगा तिच्याबरोबर आला, थोरला वडिलांकडे राहिला.

विवाहानंतर दोघे लेनिनग्राडला गेले. कादंबरीकडे परत वळायचे त्याने तेथेच ठरवले. खर्डे जळाले होते, तेव्हा कशावरून लिहिणार, असा प्रश्न येलेनाला पडला. त्याला मात्र सारे पाठ होते. आता कादंबरीत एक लेखक आला. त्याला नाव नाही, तो फक्त मास्टर. पिलातावर कादंबरी लिहिल्यामुळे तो टीकाकारांच्या तावडीत सापडतो, हस्तलिखित जाळतो आणि वेड्यांच्या रुग्णालयात पोहोचतो. त्याच्यासाठी सैतानाशी करार करणारी मार्गारिटाही आली. भट्टीपुढचा तो मार्चमधला दिवस कथानकाच्या मध्यभागी येऊन बसला. कादंबरीतला सैतान जळालेले हस्तलिखित जसेच्या तसे परत देतो. लेखकाला प्रत्यक्षात मात्र ते ओळीओळीने पुन्हा लिहावे लागत होते.

हे काम सरळ पुढे गेले नाही. सप्टेंबर १९३३ पासून येलेना त्याच्या सांगण्यावरून रोजनिशी ठेवू लागली. त्याच ऑक्टोबरमध्ये परिचयातील एका नाटककाराला अटक झाल्याची वार्ता आली, आणि त्या रात्री बुल्गाकोव्हने कादंबरीचा काही भाग पुन्हा जाळला. मग पुन्हा लेखन. नाटकांच्या तालमी, दुसऱ्यांच्या कथांची रूपांतरे, चित्रपटांच्या पटकथा अशी पोटाची कामे मध्ये येत. मोलिएरवरचे नाटक वर्षानुवर्षांच्या तालमींनंतर फेब्रुवारी १९३६ मध्ये रंगभूमीवर आले आणि ‘प्रावदा’तील एका लेखामुळे सात प्रयोगांत बंद पडले. बुल्गाकोव्हने आर्ट थिएटर सोडले आणि बोल्शॉय थिएटरमध्ये संगीतिकांच्या संहिता लिहिण्याचे काम धरले. त्या वर्षांत अटकसत्र टिपेला पोहोचले होते. ओळखीतली माणसे रात्रीतून नाहीशी होत. कादंबरीत माणसे अदृश्य होतात तेव्हा तिथे जादू कमी आणि वर्तमान अधिक असते.

कादंबरीचे आजचे नाव १९३७च्या अखेरीस ठरले. १९३८च्या उन्हाळ्यात येलेना मुलासह बाहेरगावी गेली असताना बुल्गाकोव्हने संपूर्ण कादंबरी टंकलेखनासाठी सांगितली. यंत्रावर बसली होती येलेनाची बहीण ओल्गा बोक्शान्स्काया. आर्ट थिएटरच्या कार्यालयात काम करणारी ही बाई कामात अत्यंत चोख. एवढ्या विनोदी पानांवरही ती फारशी हसली नाही, अशी त्याची गमतीची तक्रार असे. महिन्याभरात, २४ जूनला, काम संपले. ही कादंबरी खणातच पडून राहणार, हे त्याला ठाऊक होते आणि पत्नीला त्याने तसे कळवलेही होते.

१९३९च्या वसंतात त्याने निवडक मित्रांना ती काही बैठकांत वाचून दाखवली. पहिल्या प्रकरणांना हशा पिकला. शेवटाकडे मंडळी गप्प होत गेली. ती सरकारदरबारी नेऊ नये, असा सल्ला मित्रांनी हलक्या आवाजात दिला.

शेवटची दुरुस्ती

त्या वर्षी त्याने तरुणपणीच्या स्टालिनवर एक नाटकही लिहिले. आर्ट थिएटरला ते हवे होते. ते त्याने का लिहिले, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तगून राहण्याची धडपड म्हणा, मागच्या उत्तराची भरपाई म्हणा किंवा आणखी काही. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये नाटकमंडळी पाहणीसाठी जॉर्जियाकडे निघाली. वाटेतच तार आली, की नाटकाची गरज उरली नाही, परत या.

काही आठवड्यांत बुल्गाकोव्हची दृष्टी मंदावू लागली. निदान झाले मूत्रपिंडाच्या विकाराचे. वडील याच आजाराने, जवळपास याच वयात गेले होते. स्वतः डॉक्टर असल्याने पुढे काय होणार, हे त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

उरलेले महिने त्याने कादंबरीला दिले. तो डोळे मिटून पडलेला असे. येलेना वाचून दाखवी, तो दुरुस्त्या सांगे, ती लिहून घेई. नवी वाक्ये, बदललेली प्रकरणे, पानांच्या समासात चिकटवलेले तुकडे. १३ फेब्रुवारी १९४० रोजी दुसऱ्या भागाच्या सुरुवातीपाशी हे काम थांबले. पुढच्या प्रकरणांवरून शेवटचा हात फिरला नाही. त्यामुळे कादंबरीत काही विसंगती राहिल्या आहेत आणि बारकाईने वाचणाऱ्यांना त्या सापडतात. १० मार्च १९४० रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बुल्गाकोव्हचे निधन झाले. वह्या जाळल्याला तेव्हा दहा वर्षे होत आली होती.

खणातून बाहेर

पुढची सव्वीस वर्षे हस्तलिखित येलेनाने जपले. महायुद्ध आले, मॉस्को सोडून ताश्कंद गाठावे लागले. स्टालिन गेला, वारे बदलले. अखेर ‘मॉस्क्वा’ मासिकाच्या नोव्हेंबर १९६६ आणि जानेवारी १९६७ या अंकांतून कादंबरी प्रसिद्ध झाली, तीही बरीच कातरून. गाळलेले उतारे वाचकांनी टंकलिखित करून अंकांत चिकटवले आणि त्या प्रती हातोहात फिरल्या. १९६७ मध्ये पॅरिसहून रशियन पुस्तक निघाले. मॉस्कोत पूर्ण आवृत्ती १९७३ मध्ये आली. ती पाहायला येलेना नव्हती. १९७० मध्येच ती गेली होती. दरम्यान इंग्रजी अनुवाद वाचून मिक जॅगरला सुचलेले सैतानाच्या तोंडचे गाणे रोलिंग स्टोन्सने १९६८ मध्ये गायले होते.

हस्तलिखिते नाहीशी होऊन परत येण्याच्या कथा आपल्याकडेही आहेत. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून वर आली, ती लोकांच्या मुखी होती म्हणून, असे अनेक जण मानतात. नांदेड जिल्ह्यातील माहूरला ज्यांचे श्रद्धास्थान आहे, त्या महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ यादवकाळाच्या अखेरच्या धामधुमीत हरवले आणि अनुयायांनी स्मरणातून पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. तेथे आठवण ठेवणारा समुदाय होता. बुल्गाकोव्हपाशी स्वतःची स्मृती आणि एक बाई एवढेच होते.

१९३०च्या त्या भट्टीतून वाचलेले तुकडे मॉस्कोच्या ग्रंथालयात पोहोचले आणि त्यांवरून संशोधक मारिएत्ता चुदाकोव्हा यांनी पहिल्या खर्ड्याचा अंदाज बांधला. रोजनिशीची गोष्ट आणखी विलक्षण आहे. पोलिसांनी नेलेल्या वह्या बुल्गाकोव्हला काही वर्षांनी परत मिळाल्या आणि त्याने त्या जाळल्या. पण पोलिसांनी त्यांची नक्कल करून ठेवली होती. सोव्हिएत राजवटीच्या शेवटच्या वर्षांत ती दप्तरातून बाहेर आली. लेखकाने नष्ट केलेली रोजनिशी आज वाचता येते, ती त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांमुळे.

सादोवाया रस्त्यावरील ती सदनिका आता संग्रहालय आहे. कीव्हमधील घरही संग्रहालय झाले. मात्र २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर तेथील लेखकसंघाने ते बंद करण्याची मागणी केली. युक्रेनच्या राष्ट्रीय चळवळीकडे बुल्गाकोव्हने तुच्छतेने पाहिले, हा आक्षेप त्याच्या लेखनावरून निराधार म्हणता येत नाही. ज्या शहरावर त्याने जीव लावला, त्याच शहरात आज त्याच्या स्मृतीवर वाद आहे.

कादंबरीचे मात्र वाचन थांबलेले नाही. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जिच्यात सैतान आहे, उडणारी चेटकीण आहे, माणसासारखा बोलणारा काळा बोका आहे, ती लिहिणारा माणूस दिवसा दुसऱ्यांची कामे करत होता आणि रात्री, कोणी छापणार नाही हे जाणून, एकेका वाक्यावर परत परत हात फिरवत होता. शेवटी डोळ्यांना दिसेनासे झाले, तेव्हाही दुरुस्ती चालू होती.